बाहेरगावच्या कामात डाळ-भाकरीचं पथ्य



शाकाहार हा शब्द आपल्या वस्तीत नुसता उच्चारला तरी भुवया वर जातात. जायलाच हव्यात. ज्या शब्दाच्या आडून आपल्याला भाड्याची खोली नाकारली जाते, तो शब्द आपण मुकाट्याने का गिळावा? म्हणून आधीच सांगून टाकतो, कुणाला मटण सोडा म्हणायला मी हे लिहीत नाही. आमच्या घरी रविवारी आजही सुकट नाहीतर बोंबील होतो, मुलं अंडी खातात. खावीत. मी मात्र गेली चार वर्षं मांस, मासळी, अंडी आणि दूध सोडून आहे. चहासुद्धा कोरा पितो. आणि पोटापाण्यासाठी महिन्यातले दहा-बारा दिवस मला बाहेरगावी जावं लागतं. घरी राहून पथ्य पाळणं सोपं असतं. एसटी स्टँडवर, धाब्यावर, कारखान्याच्या माळ्यावर ते कसं पाळायचं, आणि पाळताना आपली मान ताठ कशी ठेवायची, याबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत.

डॉक्टरांनी मला मांस बंद करा असं सांगितलं नव्हतं, हेही खरं सांगायला हवं. साखर निघाली, कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. मटणाची तर्री, कलेजी, तळलेलं कमी करा, वजन उतरवा, एवढंच ते म्हणाले. पण मला 'कमी' जमत नाही. एक तुकडा म्हणता म्हणता ताट होतं. त्या वर्षी आषाढी पौर्णिमेला विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन सुरू झालं, तेव्हा वर्षावासाचे तीन महिने धरायचं ठरवलं. आश्विन पौर्णिमेला सोडायचं होतं. तोवर अंग हलकं झालं होतं, पायाची आग कमी झाली होती. मग सोडलंच नाही.

मी मागाचा जॉबर. तीस वर्षं भिवंडीच्या कारखान्यांत साधे माग दुरुस्त केले. आता इथले कितीतरी माग भंगारात गेले, कुठे गोदाम आलं, कुठे नुसतं कुलूप. त्यामुळे मालेगाव, इचलकरंजी, सुरत असं कामामागे फिरायचं. वस्तीतली तरुण पोरं माणकोली, काल्हेर, दापोडे, पूर्णा इथल्या गोदामांतून टेम्पो-ट्रकवर जातात. कुणी ड्रायव्हर, कुणी क्लीनर, कुणी माल उतरवायला हमाल. आमच्या सगळ्यांचं जेवण रस्त्यावरच होतं.

पथ्य धरल्यानंतरची पहिली मोठी फेरी मालेगावची, सहा दिवसांची. पडघ्याला वडापाव खाल्ला. इगतपुरीला भजी. रात्री धाब्यावर शेवभाजी आणि तंदुरी रोटी. कारखान्यात दिवसभर चहा, खारी, फरसाण. मांसाचा तुकडा तोंडात घातला नाही म्हणून सहा दिवस स्वतःचीच पाठ थोपटत होतो. परत आल्यावर उपाशीपोटीची साखर तपासली तर १९० च्या वर. १२६ च्या पुढे गेली की मधुमेह धरतात, यावरून अंदाज करा. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "मटण सोडून मैदा धरलात होय?"

तेव्हा कळलं की रस्त्यावर आपल्याला मटणाचा मोह फारसा नडत नाही. नडतो तो वडापाव. तो स्वस्त आहे, गरम आहे, एका हातात धरून गाडी सुटायच्या आत संपवता येतो, आणि तो 'व्हेज' आहे. बटाटा, मैदा आणि सकाळपासून कढईत उकळणारं तेल. प्रथिन म्हणून वरच्या बेसनाचा पापुद्रा तेवढा. हॉटेलच्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' लिहिलं म्हणून आपल्या रक्तातली साखर काही शुद्ध होत नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. फरसाण, पापड, लोणचं, धाब्याची भाजी असं एका जेवणात झालं की त्या चमच्याचा मोठा वाटा तिथेच संपतो. बीपीच्या गोळ्या खाणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

दुसरी चूक मी उलट्या बाजूने केली. पुढच्या फेरीला नुसतं चटणी-भाकरी आणि केळी यांवर राहिलो. चौथ्या दिवशी पाना उचलताना हात गळाल्यासारखे झाले. मांस सोडलं तर त्याच्या जागी काय आलं, हा हिशेब मी केलाच नव्हता.

तो हिशेब अवघड नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने घालून दिलेल्या प्रमाणानुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन ६० किलो असेल तर ५० ग्रॅम धरा. ज्वारीच्या चार भाकऱ्यांतून वीसेक ग्रॅम मिळतात. डाळ किंवा उसळ, घट्ट, दोन वाट्या, म्हणजे चौदाएक. मूठभर फुटाणे सहा, मूठभर शेंगदाणे सात. झाले की सत्तेचाळीस. पातळ पाण्यासारख्या डाळीवर मात्र हा हिशेब बसत नाही. धाब्यावर 'डाळ तडका' म्हणून जे पिवळं पाणी येतं ते मी परत पाठवतो आणि घट्ट मागतो, जादा पैसे देऊन. सोयाबीनच्या वड्या तर त्याहून पुढे, कोरड्या ५० ग्रॅम वड्यांत पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं. त्या भिजवायला गरम पाणी लागतं, ते कुठल्याही चहावाल्याकडे मिळतं.

माझ्या पिशवीत काय असतं ते सांगतो. फुटाण्यांचा डबा, भाजलेले शेंगदाणे, जवसाची आणि कारळ्याची चटणी, चार लिंबं, दोन कांदे, आणि पहिल्या दिवसापुरती भाकरी किंवा तेल घालून केलेली धपाटी. दशमी जास्त टिकते हे मला ठाऊक आहे, पण ती दुधात भिजवतात. भिजवलेली डाळ, उसळ, भात मी नेत नाही. उन्हात तापलेल्या केबिनमध्ये चार तासांत ते बिघडतं आणि मग कसारा घाटात जे हाल होतात ते लिहिण्यासारखे नाहीत. पावसाळ्यात मोड आलेली कच्ची मटकीसुद्धा रस्त्यावर खाऊ नये, शिजवूनच खावी.

आणि सत्तू. हा मला बिहारच्या एका विणकराने शिकवला. त्याच्या गावाकडे भाजलेल्या हरभऱ्याचं हे पीठ म्हणजे कष्टकऱ्याची न्याहारी. पाण्यात कालवायचं, कांदा, मिरची, मीठ, लिंबू घालायचं आणि प्यायचं किंवा गोळा करून खायचं. ना शेगडी, ना तवा. तीस वर्षं मी त्याच्यासारख्यांच्या शेजारी उभा राहून माग दुरुस्त केले आणि त्यांच्या डब्यात काय आहे ते कधी वाकून पाहिलं नाही. भिवंडीत आपण सगळे दुसऱ्याच्या भांड्याबद्दल मत बाळगून असतो. त्यात डोकावलं मात्र नाही.

त्या त्या गावचं गरिबाचं जेवण शोधलं की वाटेत फारसं अडत नाही. खानदेशाकडे ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मिळाली तर दुसरं काही मागू नका, धान्य आणि डाळ एकाच भाकरीत आहे. थंडीत सोबत वांग्याचं भरीत. नाशिकला मिसळ घ्या, पण फरसाण कमी, मटकी जास्त, वरची तर्री बाजूला आणि पावाऐवजी भाकरी किंवा चपाती मागा. एकदा मागितलं की दुकानदार देतो, पुढच्या खेपेला तोच विचारतो. इचलकरंजीत झुणका-भाकरी आहे. सुरतेला डाळीत गूळ असतो, साखरवाल्यांनी जपून. तंदुरी रोटीत बऱ्याच ठिकाणी मैदा असतो, म्हणून तव्यावरची गव्हाची चपाती मागावी. जेवल्याबरोबर चहा घेऊ नये, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. भाजी-डाळीवर लिंबू पिळलं तर उलट जास्त लागतं. हे तर घरी बायकांनीही करावं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे.

दोन गोष्टी औषधाच्या. बी-१२ हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत मिळत नाही. मांस, मासळी, अंडी, दूध सगळंच सोडणाऱ्याने त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायलाच हवी. त्यातून साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आणखी उतरतं. हातापायाला मुंग्या येतात आणि आपण म्हणतो साखरेमुळे. तपासून घ्या. दुसरी गोष्ट ड्रायव्हर पोरांसाठी. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशी गाडी चालवली तर साखर एकदम पडते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. गाडी बाजूला घ्या, तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटं थांबा, मग काहीतरी पोटभर खा. 'पुढच्या धाब्यावर जेवू' हे वाक्य अशा माणसाने बोलू नये. पुढच्या धाब्यावर व्हेज नीट मिळत नाही म्हणून त्याच्याही पुढच्या, असं करत मी एकदा घोटीपर्यंत उपाशी गेलो आहे. नशीब, गाडी दुसरा चालवत होता. ज्यांची किडनी अधू आहे त्यांनी माझा हा डाळींचा हिशेब उचलू नये, त्यांचं पथ्य वेगळं असतं.

आता मुख्य गोष्ट, जी कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

गुजरातेत एका कारखान्याच्या कामाला गेलो होतो. शेठच्या खोल्यांत मुक्काम. जेवायला बसलो तेव्हा मी मांस-मच्छी खात नाही, अंडंही नाही, असं सांगितलं. व्यवस्थापक खूश झाला. "अरे वा, आप तो हमारे जैसे ही निकले," म्हणाला आणि स्वतःच्या हाताने वाढू लागला. खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. तीन दिवस पाहुणचार चालला. चौथ्या दिवशी त्याने आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि मोबाईलवरचा बाबासाहेबांचा फोटोही त्याला दिसला. तोंडाने तो काही बोलला नाही. पण त्या रात्रीपासून माझं ताट खोलीत येऊ लागलं. तीच डाळ, तीच भाजी, तेच हात. मी काल जितका शाकाहारी होतो तितकाच आज होतो.

तेव्हापासून शाकाहाराबद्दलची शाबासकी मी घेत नाही. कुणी "तुमच्यात असूनही खात नाही, कौतुक आहे" म्हणालं की मी सांगतो, मला साखर आहे हो, माझ्या घरचे खातात. बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळलं होतं. हा आजार आडनाव विचारून येत नाही.

ही गोष्ट माझ्या एकट्याची असती तर लिहिली नसती. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या खानावळीतली काही टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली, आणि त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांवर १० हजार रुपयांचा दंड बसला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या कपड्यांतली वेगळी पोरं ठेवण्याचं जाहीर केलं. ओरड झाली तेव्हा हिरवे कपडे मागे घेतले. आपल्या वस्तीतली किती पोरं हे काम करतात! लाल कपड्यातलं पोरगं इमारतीच्या दाराशी आलं की त्याच्या पिशवीत काय आहे याचा अंदाज बांधून त्याला हाकललं असतं. म्हणून आपण पथ्य पाळताना ही एक गोष्ट गाठीला बांधून पाळायची, की समोरच्याच्या ताटाला नाक मुरडलं तर आपण त्या व्यवस्थापकाच्या पंगतीला जाऊन बसलो. धाब्यावर माझ्या शेजारी सोबती कोंबडी खात असतो. मी माझी डाळ खातो. एकच टेबल, एकच जग, एकच मिठाची वाटी.

आपली माणसंही सोडत नाहीत. शहापूरच्या पुढे एका धाब्यावर गाववाला भेटला, माझं ताट बघून मोठ्याने म्हणाला, "काय रे, बामण झालास का?" सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं. त्या हसण्यामागचा राग मला समजतो. पण त्याचं उत्तर धम्मात आहे असं मला वाटतं. विनयपिटकात देवदत्ताची गोष्ट येते. त्याने पाच कडक नियम सगळ्या भिक्खूंना लावा म्हणून आग्रह धरला, मासे-मांस कधीच खाऊ नये हा त्यातला एक. तथागतांनी तो नियम सर्वांवर लादायला नकार दिला. ज्याला पाळायचा त्याने पाळावा. जीवकाला त्यांनी जे सांगितलं तेही असंच मोकळं आहे, आपल्यासाठी प्राणी मारल्याचं पाहिलं, ऐकलं किंवा शंका आली तर ते मांस भिक्खूने घेऊ नये. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते आपण माणूस म्हणून उभं राहावं म्हणून. आणि १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारूचं नाव आहे, मटणाचं नाही. रात्री धाब्यावर व्हेज थाळी मागवून सोबत क्वार्टर उघडणाऱ्या आपल्या भावांना हे मी हळूच ऐकवतो. फारसं आवडत नाही त्यांना.

राहिलं घरातलं. माझी पिशवी पहिली दोन वर्षं आपोआप भरत होती. पहाटेची गाडी असली की हिचा साडेतीनला स्टोव्ह पेटायचा. भाकऱ्या, चटणी, धपाटी, वर मुलांची शाळेची पोळी-भाजी वेगळी. माझं पथ्य म्हणून मी मिरवत होतो आणि ते पाळत होती ती. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं तेव्हा मुलीने मला सुनावलं, "पप्पा, शुगर तुम्हाला आहे ना?" बायकांच्या पहाटेच्या झोपेवर उभं राहिलेलं पथ्य फार दिवस टिकत नाही, आणि टिकू नये. फुटाणे, शेंगदाणे, सत्तू यांना कुणाची पहाट लागत नाही. चटणी रविवारी दुपारी कुटता येते, मीच कुटतो.

याच्यापुढची गोष्ट वस्तीने मिळून करायची आहे. मागवाल्या कामगारांच्या भिसीत महिन्याचे पैसे भरून जेवण मिळतं, हे भिवंडीला नवं नाही. तसं आपल्या बचत गटाने बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी सुक्या जेवणाची पुडी का करू नये? सत्तू, दोन चटण्या, फुटाणे, धपाटी. विहारात पौर्णिमेच्या भोजनदानाला आपण शंभर माणसांचं जेवण हां हां म्हणता करतो, मग वीस पुड्या का जड? मात्र पैसे रोख द्यायचे. बायकांनी सेवा म्हणून फुकट करावं आणि पुरुषांनी ते घेऊन निघावं, हे विहाराच्या नावावर चालू देऊ नका. आणि गाडीवर जाणाऱ्यांनी ठेकेदाराशी रोज ठरवताना जेवणाच्या भत्त्याचंही बोलावं. वडापावाच्या हिशेबाने दिलेल्या भत्त्यात वडापावच खावा लागतो, तिथे कुणाचा निर्धार काय करणार? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि बीपी तपासून घ्यावं, तिथे ते फुकट होतं. आमच्या गल्लीत त्या दिवशी सात जणांना मी ओढून नेलं, त्यांतल्या तिघांना पहिल्यांदाच कळलं.

पुढच्या आठवड्यात इचलकरंजीचं काम आहे, पाच दिवसांचं. या खेपेला भाकऱ्याही मीच थापणार आहे. अजून गोल येत नाहीत, काठाला फाटतात. पण चटणीबरोबर फाटक्या भाकरीची चव तीच लागते.